श्रेष्ठांचे आचरण आणि फोर्ट विल्यममधील नवागत

गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील एकविसावा श्लोक बहुधा सदाचाराच्या अंगानेच वाचला जातो. वास्तविक त्यात ‘सदाचार’ असा शब्द नाही. श्रेष्ठाच्या वर्तनाला लोक प्रमाण मानतात, एवढेच तेथे सांगितले आहे. हा नियम लक्षात घेतला म्हणजे दुराचारही त्याच वाटेने खाली उतरतो, हे ध्यानी येते.

कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममधील ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार याचे ठळक उदाहरण होय. अठराव्या शतकात विलायतेहून येणारा ‘रायटर’, म्हणजे कनिष्ठ कारकून, बहुधा मिसरूडही न फुटलेला पोरगा असे. वार्षिक वेतन अवघे ५ पौंड. त्यात निर्वाह होणे शक्यच नव्हते, आणि वरिष्ठांचे वैभव तर डोळ्यांसमोर होते. १७१७ च्या बादशाही फर्मानाने कंपनीच्या मालास जकातमाफी मिळाली होती. त्यासाठीची दस्तके वरिष्ठ आपल्या खाजगी मालासाठी वापरीत. ते पाहून कनिष्ठही दस्तके देशी व्यापाऱ्यांना विकू लागले. यासाठी कोणी पाठ दिला नव्हता. पाहणे पुरेसे होते.

पुढे नवाबांकडून भेटी घेऊ नयेत, असे करार नोकरांकडून लिहून घेण्याचा हुकूम संचालकांनी धाडला. तो कलकत्त्यास पोहोचला असतानाही १७६५ च्या आरंभी मीर जाफर मरण पावताच कौन्सिलच्या सभासदांनी त्याच्या पुत्राला गादीवर बसवून भरघोस भेटी घेतल्या. त्याच वर्षी मे महिन्यात क्लाइव्ह शुद्धीकरणासाठी आला. त्याने करारांवर सह्या करविल्या. परंतु जॉन जॉन्स्टन याने १७५७ च्या भेटींचेच बोट दाखविले. मीर जाफराकडून सुमारे २,३४,००० पौंड क्लाइव्हने स्वतःच घेतले होते! जॉन्स्टनचा बचाव लबाडीचा खरा, पण त्यातील दाखला खोटा नव्हता. त्यावर क्लाइव्हने वरिष्ठांसाठी मिठाच्या व्यापाराची मक्तेदार मंडळी काढली. संचालकांनी तीही नामंजूर केली. म्हणजे कनिष्ठांना संयम आणि वरिष्ठांना मीठ!

कॉर्नवॉलिसने १७८६ नंतर वेतने वाढविली, कलेक्टरांना खाजगी व्यापार बंद केला, तेव्हा या प्रकारास बराच आळा बसला. १८०० साली वेलस्लीने फोर्ट विल्यम कॉलेज काढले (मराठीही तेथे शिकविली जाई), त्यामागे नवागतांना कचेरीच्या संगतीत सोडण्यापूर्वी वळण लावण्याचा हेतू होता. विद्यार्थी तेथेही कर्जबाजारी झाले.