दुकानाचा संगणक आणि टेलिफोनची तार : आधी लाइन, मग सॉफ्टवेअर

दुकानात इंटरनेट बंद पडले की पहिला राग संगणकावर निघतो. मिस्त्री येतो, सॉफ्टवेअर काढून पुन्हा भरतो, मजुरी घेऊन जातो, आणि दुसऱ्या दिवशी तक्रार तशीच. दोष पुष्कळदा तारेत असतो. डायल-अपच्या काळात हा धडा फार स्पष्ट मिळत असे. तो काळ संपला, पण तेव्हाच्या तयारीचा क्रम आजही कामाचा आहे.

भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले. खाजगी कंपन्यांना परवानगी १९९८ मध्ये मिळाली. त्या वेळी संगणक साध्या टेलिफोन लाइनवरूनच जोडला जाई. ज्या गावी सेवेचे केंद्र नव्हते, तेथील ग्राहकाला दुसऱ्या शहरी एसटीडी कॉल लावावा लागे. पुढे १७२ ने सुरू होणारे क्रमांक आले व तो कॉल स्थानिक दराने होऊ लागला. तरी मिनिटे मोजूनच बिल येई. म्हणून तयारी आधी आणि जोडणी नंतर, असा शिरस्ता होता.

१) लाइन : मोडेम हे यंत्र संगणकाचे आकडे आवाजात बदलते आणि पलीकडचा आवाज पुन्हा आकड्यांत आणते. म्हणजे तारेतली खरखर ही मजकुरातली खोट. तपासणी सोपी होती. रिसीव्हर उचलून एक आकडा फिरवावा व शांत राहून ऐकावे. खरखर आली तर मधले सांधे व भिंतीवरची पेटी पाहावी. एकाच लाइनवर घरातही फोन असेल तर तो उचलताच जोडणी तुटे. पावसाळ्यात वीज कडाडली की तार काढून ठेवणे शहाणपणाचे, नाहीतर मोडेम जळे.

२) वेगाचा हिशेब : मोडेमवर ५६ हजार बिट लिहिलेले असे, पण तितका वेग क्वचितच मिळे. सेकंदाला २८,८०० बिट धरले तर कापडाच्या नमुन्याचे १०० किलोबाइटचे चित्र यायला साधारण अर्धा मिनिट लागे. तेच चित्र १ मेगाबाइटचे असेल तर जवळपास ५ मिनिटे. म्हणून इचलकरंजी किंवा मालेगावचा नमुना मागवताना चित्र लहान करून पाठवा, असे आधीच सांगणे फायद्याचे होते.

३) संगणक व सॉफ्टवेअर : विंडोज ९५ आणि ९८ मध्ये डायल-अप नेटवर्किंग बसवावे लागे. मोडेमचा ड्रायव्हर, डायल-अप अडॅप्टर व टीसीपी/आयपी हे तिन्ही जागेवर आहेत ना, हे पाहून मग नवीन कनेक्शनमध्ये केंद्राचा क्रमांक भरायचा. एक्स्चेंज जुन्या पद्धतीचे असेल तर टोनऐवजी पल्स निवडायचा. आपल्याकडचा डायल टोन मोडेमला ओळखता आला नाही, तर टोनची वाट पाहण्याची खूण काढून टाकायची.

४) चुकीचा आकडा वाचा : संगणक कारण सांगत असे. ६८० म्हणजे डायल टोन नाही, तेव्हा तार पाहा. ६७६ म्हणजे पलीकडची लाइन व्यस्त, तेव्हा थोडे थांबा. ६९१ म्हणजे नाव किंवा पासवर्ड जुळत नाही. तीन आकडे, तीन निराळे इलाज. यातल्या एकालाही संगणक उघडायची गरज नाही.

आता आजची गोष्ट. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगावच्या बाजारपेठेत बिल, बँक आणि यूपीआय सारे लाइनवर आले आहे. परराज्यात ५० हजार रुपयांपेक्षा अधिक किमतीचा माल पाठवायचा तर १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल लागते. लाइन बंद म्हणजे गाडी दारात उभी आणि हमाल बसलेले.

जुन्या तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजकडून वीजही येई, म्हणून दिवे गेले तरी टेलिफोन चाले. फायबरच्या काचेच्या तारेतून फक्त प्रकाश येतो. तिच्या पेटीला दुकानातली वीज लागते. म्हणून फायबर घेतानाच त्या पेटीसाठी लहान बॅटरी घ्यावी. ही तार तीव्र कोनात वाकवू नये, ताग्यांच्या थप्पीखाली दाबू नये. पेटीवर एलओएस लिहिलेला लाल दिवा लागला तर प्रकाश पोहोचत नाही असे समजावे. तेव्हा संगणकाला हात न लावता लाइनवाल्याला बोलवावे.

आम्ही कापड विकणारी माणसे. तागा घेताना आधी पोत पाहतो, छपाई नंतर. इथेही तेच करावे. बाहेरून आत यावे : तार, पेटी, संगणक आणि शेवटी सॉफ्टवेअर. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय बदलले ते वहीत तारखेसह लिहावे. पुढचा मिस्त्री आला की ती वही त्याच्यापुढे ठेवावी. त्याचा वेळ वाचेल आणि आपली मजुरीही.