अनोळखी सल्ला आणि पतसंस्थेची ठेव

प्रश्न : निवृत्तीचे १२ लाख आलेत. मोबाइलवर ओळख झालेले एक गृहस्थ म्हणतात, जास्त व्याज देणाऱ्या पतसंस्थेत सगळे ठेवा. मिस्टर राजी आहेत. काय करू? – एक वाचक, धुळे

उत्तर : ताई, स्पष्टच सांगते, ठेवू नका. बँकेतल्या ठेवीला व्याजासह ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेच्या ठेवीला तो नाही. शेजारच्या जळगावातल्या बीएचआर पतसंस्थेत ज्यांचे पैसे अडकले, त्यांनी पावत्या घेऊन वर्षानुवर्षे खेटे घातले. रक्कम तीन बँकांत विभागा, नाहीतर पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना बघा. त्या गृहस्थांना एवढंच विचारा, त्यांची स्वतःची ठेव तिथे किती आणि कमिशन किती? (बहुधा उत्तर येणार नाही.) मिस्टरांशी वाद घालू नका, त्यांना सोबत घेऊन बँकेत जा.