भागीदारीत निर्णय अडकतोय? "पटलं का?" नको, "हरकत आहे का?" विचारा

तिघं-चौघं मिळून धंदा सुरू करायचा म्हटलं की भांडवल, जागा, मशीन यावर सगळे बोलतात. निर्णय कसा घ्यायचा हे मात्र कुणी ठरवत नाही. पहिला मोठा खर्च आला की गाडी तिथेच अडते. व्हिडिओत को-हाउसिंगचा विषय ओझरता आला होता, तो इथे नीट बघू.

को-हाउसिंग म्हणजे प्रत्येक कुटुंबाचं घर वेगळं, पण मोठं स्वयंपाकघर, जेवणाचा हॉल, अंगण सामाईक. डेन्मार्कमध्ये 1972 साली सेटेडामेन इथे अशी पहिली वसाहत झाली. अमेरिकेत 1991 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसला 26 घरांचं म्युअर कॉमन्स उभं राहिलं. इथली बरीच कामं रहिवासी स्वतःच करतात, म्हणून बहुमतावर फारसं भागत नाही. मतदानात हरलेला शेजारी उद्याही शेजारीच असतो, आणि काम त्याच्याच हातून व्हायचं असतं. भागीदाराचंही तसंच ना?

पण एकमतातही अडचण आहे. एकजण "मला नाही पटत" म्हणाला की सगळं ठप्प. त्यामुळे बऱ्याच वसाहतींनी सोशिओक्रसी ही पद्धत उचलली. गंमत बघा, ती आजच्या रूपात घडली एका धंद्यात! नेदरलँड्सचे इंजिनिअर जेरार्ड एंडेनबर्ग यांनी 1970 च्या दशकात घरच्या इलेक्ट्रिकल कंपनीत ती बसवली.

त्यात "सगळ्यांना आवडलं का?" असं विचारत नाहीत. "यामुळे आपल्या कामाला धक्का बसेल, अशी कुणाची हरकत आहे का?" असं विचारतात. हरकत असेल तर कारण सांगायचं. कारण ठोस असेल तर प्रस्ताव टाकून द्यायचा नाही, दुरुस्त करायचा.

समजा, चौघी मिळून पापड करताय आणि हप्त्यावर पॅकिंग मशीन घ्यायचं आहे. एक म्हणते, "मला त्या कंपनीचं मशीन आवडत नाही." ही झाली आवड. दुसरी म्हणते, "पावसाळ्यात पापड वाळत नाहीत, तेव्हा हप्ता कुठून भरणार?" ही खरी हरकत. मग ठरवा: तीन महिने पॅकिंग बाहेरून करून घ्यायचं, आणि अमुक तारखेला आकडे घेऊन पुन्हा बसायचं. ती तारीख फार कामाची. निर्णय कायमचा नाही म्हटल्यावर माणूस लवकर "हरकत नाही" म्हणतो.

एक मात्र स्पष्ट सांगतो. हिशेबाची वही एकाच्याच कपाटात असेल तर ही पद्धत चालणार नाही. आकडेच माहीत नाहीत, तर हरकत घेणार कशावर?

आणि कायदाही बघून ठेवा. 1932 च्या भागीदारी कायद्यानुसार, करारात वेगळं काही नसेल तर रोजच्या कामातले मतभेद बहुमताने सुटतात. धंद्याचं स्वरूप बदलायला मात्र सगळ्यांची संमती लागते. म्हणून करार लिहितानाच तीन गोष्टी टाका: किती रुपयांपर्यंतचा खर्च एकट्याने करायचा, कुठल्या निर्णयाला सगळ्यांची "हरकत नाही" लागेल, आणि दोन बैठकांत सुटलं नाही तर काय करायचं.