सात विरुद्ध दोन

प्रश्न : १९०८ साली टिळकांना ज्युरीनेच दोषी ठरवले ना? मग अन्याय झाला असे का म्हणतात?

उत्तर : ज्युरीत कोण होते, ते आधी पाहा. नऊ जणांत सात युरोपीय, दोन पारशी. खटला ‘केसरी’तल्या मराठी लेखांवर आणि ज्युरीच्या हाती इंग्रजी भाषांतरे! सातांनी दोषी म्हटले, दोघांनी निर्दोष. सहांचे एकमत आणि न्यायाधीशांची संमती एवढे कायद्याला पुरे होते. त्या दोघांचे मत वाया गेले. खटला चालवणारे न्यायमूर्ती दावर स्वतः पारशी होते, हे खरे. पण त्याच वर्षी मुझफ्फरपूरला क्रांतिकारकांनी टाकलेल्या बॉम्बने धास्तावलेल्या गोऱ्या समाजातले सातजण तटस्थ राहतील, ही अपेक्षाच भाबडी. नऊही जणांच्या एकमताची अट असती, तर सहा वर्षांची हद्दपारी त्या दिवशी सुनावता आली नसती.