हरळीचा तुरा आणि शेतकऱ्याचा श्वास

पावसाळा सरत आला, बांधावरील हरळीस तुरे आले व कुरणांतील गवत फुलोऱ्यास आलें, म्हणजे कित्येक शेतकऱ्यांच्या घरीं एक ठराविक तक्रार सुरू होते. सकाळीं शेतावर गेलेला मनुष्य लागोपाठ पंधरा-वीस शिंका देतो. नाकांतून पाणी वाहूं लागतें. डोळे लाल होऊन खाजतात. आणि कांहींच्या छातींत रात्रीं घरघर वाजूं लागते. ताप नसल्यामुळें घरचे लोक त्यास पडसें समजून स्वस्थ बसतात. परंतु दरसाल त्याच सुमारास यावें व गवत वाळल्यावर आपोआप जावें, अशी पडशाची रीत नाहीं. हा विकार म्हणजे परागांची बाधा होय. तिचें मूळ कारण काय, आपल्या उष्ण प्रदेशांतील गवतांचा त्यांत विशेष कोणता, आणि शेतकऱ्यानें कोणती तजवीज करावी, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

कारणाचा शोध

या विकाराचें पहिलें व्यवस्थित वर्णन इंग्लंडांतील वैद्य जॉन बोस्टॉक यांनीं १८१९ सालीं स्वतःच्याच दुखण्यावरून केलें. तिकडे गवत कापण्याच्या हंगामांत हा विकार होई, म्हणून लोक त्यास गवताचा ताप म्हणूं लागले. कोणी उन्हास दोष देत, कोणी कापलेल्या गवताच्या वासास. पुढें मँचेस्टर येथील डॉक्टर चार्ल्स ब्लॅक्ली यांनीं चिकट द्रव लावलेल्या काचा हवेंत ठेवून त्यांवर पडलेले परागकण सूक्ष्मदर्शकाखालीं मोजले, तसेच गवताचे पराग स्वतःच्या खरवडलेल्या त्वचेवर लावून उठणारी सूज पाहिली. हे प्रयोग त्यांनीं १८७३ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. दोष वासाचा नसून परागांचा आहे, हें तेव्हांपासून ठरलें.

गवताच्या फुलास रंगीत पाकळ्या नाहींत. त्याचा व्यवहार मुख्यतः वाऱ्यावर चालतो, आणि वाऱ्याचा भरंवसा नसल्यामुळें त्यास परागांची उधळपट्टी करावी लागते. बहुतेक गवतांचा परागकण मिलिमीटरच्या सुमारें तिसाव्या भागाएवढा असतो. तो डोळ्यांस दिसत नाहीं, पण वाऱ्यानें दूरवर जातो. मक्याचा कण याच्या दुपटी-तिपटीहून मोठा व जड असल्यामुळें बहुधा शेताच्या आसपासच पडतो.

परागांतील प्रथिन कशासाठीं असतें

बाधा करणारें द्रव्य म्हणजे परागांतील कांहीं विशिष्ट प्रथिनें होत. निसर्गानें तीं मनुष्यास त्रास देण्यासाठीं निर्माण केलेलीं नाहींत. मक्याच्या कणसाचे रेशमासारखे केस सर्वांनीं पाहिले आहेत. एक केस म्हणजे एका दाण्याची वाट. केसावर पराग पडला म्हणजे त्यांतून एक सूक्ष्म नळी निघते व केसाच्या आंतून वीतभर किंवा त्याहूनही अधिक लांब जाऊन दाण्याच्या बीजास पोंचते. आंतील पेशींच्या भिंती घट्ट असल्यामुळें पराग एक प्रथिन सोडतो व त्या भिंती सैल करतो. कठीण जमीन खणण्यापूर्वीं तींत पाणी सोडून ती नरम करावी, तशीच ही युक्ति आहे. अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया येथील शास्त्रज्ञ डॅनियल कॉसग्रोव्ह व त्यांचे सहकारी यांनीं १९९७ सालीं मक्याच्या परागांवर प्रयोग करून हें कार्य उघडकीस आणिलें.

हेंच प्रथिन ओल्या नाकांत पडतांच थोड्या वेळांत परागांतून पाझरतें. बहुतेकांस त्याचें कांहीं होत नाहीं. परंतु कांहींचें शरीर त्यास शत्रु समजून एक विशेष प्रतिद्रव्य तयार करतें. आयजीई या नांवाचें हें प्रतिद्रव्य १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेंत इशिझाका पतिपत्नींनीं व स्वीडनमध्यें योहान्सन आणि बेनिख यांनीं स्वतंत्रपणें शोधून काढलें. फेरफाराच्या वहींत एकदां चुकीची नोंद पडली म्हणजे पुढील प्रत्येक उतारा चुकीचा निघतो, तसेंच येथें होतें. पुढें प्रत्येक हंगामांत तें प्रथिन नाकांत गेलें कीं जुन्या नोंदीवरून शरीरांत हिस्टामिन नांवाचें द्रव्य सुटतें. आणि शिंका, पाणी व खाज हीं सर्व त्याचीं फळें होत.

उष्ण प्रदेशांतील गवतांचा विशेष

शास्त्रज्ञ या प्रथिनांस वनस्पतीच्या शास्त्रीय नांवावरून नांव देतात. हरळीचें शास्त्रीय नांव सिनोडॉन डॅक्टिलॉन; म्हणून तिच्या परागांतील मुख्य प्रथिनास सिन-डी-१ म्हणतात. जोंधळ्याचें रानटी भाऊबंद जें जॉन्सन गवत, त्याचें सोर-एच-१. आणि दक्षिण अमेरिकेंतून ऑस्ट्रेलियांत चराईसाठीं नेलेल्या बाहिया गवताचें पास-एन-१. भिंती सैल करणाऱ्या या पहिल्या गटाचीं प्रथिनें थंड देशांतील टिमोथी व राय या गवतांतही आहेत. भेद आहे तो पांचव्या गटांत. त्या गटाचें प्रथिन टिमोथी व राय गवतांत विपुल असून तेथील रुग्णांस तें फार बाधतें. हरळी, जॉन्सन गवत व बाहिया यांच्या परागांत तें आढळत नाहीं. शिवाय पहिल्या गटाचीं प्रथिनें एका घराण्याचीं असलीं तरी त्यांची घडण तंतोतंत एक नाहीं. थंड व उष्ण गवतांचीं कुळें कोट्यवधि वर्षांपूर्वीं विभक्त झालीं. गहूं टिमोथीच्या कुळाशीं जवळचा; जोंधळा, बाजरी, मका, ऊंस व मारवेल हीं दुसऱ्या कुळांतील; आणि हरळी व नाचणी तिसऱ्या.

या भेदाचें महत्त्व केवळ पुस्तकी नाहीं. बाधा कशाची आहे हें ठरविण्यासाठीं डॉक्टर परागांच्या अर्काचा थेंब त्वचेवर ठेवून सुई टोंचतात. तो अर्क केवळ टिमोथी गवताचा असेल, तर हरळीनें पीडलेल्या मनुष्याची बाधा त्यांत पुरती उमटेलच असें नाहीं. ऑस्ट्रेलियाच्या उष्ण क्वीन्सलँड प्रांतांतील रुग्णांचें रक्त तपासतां, त्यांचीं प्रतिद्रव्यें राय गवतापेक्षां बाहिया व हरळी यांच्या परागांशीं अधिक जुळतात, असें दिसून आलें. ज्या देशीं जें गवत, तेथें त्याच गवताची कसोटी हवी, हा यांतील बोध आहे.

आम्ही महसूल खात्यांत असतां पीकपाहणीनिमित्त गांवोगांव हिंडलों. कुरण कापणीच्या दिवसांत शिंकणाऱ्या व धापा टाकणाऱ्या तरुण गड्यास 'कामचुकार' म्हटलेलें आम्हीं अनेकदां ऐकलें आहे. त्यास आळशी ठरविण्यापूर्वीं त्याची छाती ऐकविणें अधिक न्यायाचें झालें असतें. या विकारास क्षुल्लक मानूं नये. मेलबर्न शहरीं २१ नोव्हेंबर २०१६ रोजीं वादळासरशीं राय गवताच्या परागांचे सूक्ष्म तुकडे हवेंत पसरून हजारों लोकांस एकाएकीं दमा झाला व दहा माणसें दगावलीं. तें गवत थंड कुळांतील होतें हें खरें. तथापि पराग नाकापुरताच राहत नाहीं, हें त्यावरून स्पष्ट होतें.

शेतकऱ्यानें काय करावें

पहिली गोष्ट, टिपण ठेवावें. तिथि, वेळ, कोणतें शेत, वारा, कोणतें गवत वा पीक फुलोऱ्यांत होतें व त्रास किती झाला, हें रोज एका ओळींत लिहावें. असें दोन हंगामांचें टिपण डॉक्टरास फार उपयोगीं पडतें.

दुसरी गोष्ट, गवत वेळेवर कापावें. हरळी बांधाची माती धरून ठेवते, म्हणून ती बांधावरून उपटूं नये. परंतु तुऱ्याचीं बोटें उघडण्यापूर्वीं विळा फिरवावा. पिकाच्या शेतांत मात्र उन्हाळ्यांत खोल नांगरट करून तिच्या काशा वेंचून काढाव्या. कुरणांतील गवत बीं झडेपर्यंत उभें ठेवण्याची चाल आहे. पण फुलोऱ्याच्या आरंभीं कापलेल्या गवतांत कस अधिक असतो. पावसाची उघडीप साधून असें गवत वाळवितां आल्यास जनावर व मनुष्य दोघांचेंही हित होतें.

तिसरी गोष्ट, बाधा असलेल्या मनुष्यास कापणीस व गंजी रचण्यास लावूं नये. बहुतेक गवतांचे पराग सकाळच्या प्रहरीं अधिक उडतात, म्हणून त्यानें तुऱ्यांतील काम टाळावें; जाणें भाग असेल तर नाकातोंडावर नीट बसणारा मास्क व डोळ्यांस चष्मा लावावा; घरीं येतांच स्नान करून कपडे बदलावे. मेघगर्जना व वावटळ असतां घरांतच बसावें.

चौथी गोष्ट, औषध आपल्या मनानें घेऊं नये. पडशाच्या कित्येक जुन्या गोळ्यांनीं झोंप येते. त्या घेऊन कडबा-कुट्टीच्या यंत्राजवळ जाणें धोक्याचें आहे. नाकांत मारावयाचे फवारे व दम्यासाठीं श्वासावाटे घ्यावयाचीं औषधें आज मिळतात, तीं वैद्यकीय सल्ल्यानें नियमित घ्यावीं. परागांचा अर्क क्रमाक्रमानें टोंचून शरीरास संवय लावण्याचा उपचार लंडन येथें लिओनार्ड नून यांनीं १९११ सालीं प्रसिद्ध केला. तो आजही चालतो, परंतु बहुधा तीन वर्षें घ्यावा लागतो. म्हणून तो आरंभण्यापूर्वीं हरळी व जोंधळा यांच्या परागांची कसोटी झाली आहे काय, हें रुग्णानें अवश्य विचारावें.

दोन गैरसमज येथेंच दूर करूं. गाजरगवत हें नांवानें गवत असलें तरी तें सूर्यफुलाच्या कुळांतील आहे. त्याची बाधा निराळी. तसेंच गणपतीस वाहावयाच्या कोंवळ्या दूर्वांचें भय बाळगण्याचें कारण नाहीं. दूर्वा ही हरळीच खरी. पण येथें सांगितलेली बाधा तिच्या पानांत नसून तुऱ्यांतील परागांत आहे.

पिकावरील कीड ओळखण्यास आपण शिकलों, जनावरांचे रोग ओळखण्यास शिकलों. आपल्याच घरांतील मनुष्य दरसाल ज्या हंगामांत धापा टाकतो, त्या हंगामांत बांधावर काय फुललें आहे, हें पाहण्याची दृष्टि आतां शेतकऱ्यास यावी, इतकीच आमची विनंति आहे.