हायड्रोजन : ऊर्जेची खाण नव्हे, कोठार

ज्या द्रव्यावर सूर्याचे तेज पोसले जाते, तेच द्रव्य आपल्या घागरीतील पाण्यातही सामावलेले आहे. हायड्रोजन, अर्थात उद्‌जन, हे ते मूलद्रव्य होय. एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन एवढीच त्याच्या अणूची सर्वसाधारण रचना असल्याने मूलद्रव्यांच्या मालिकेत त्याचा क्रमांक पहिला लागतो. इंग्रज शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७६६ मध्ये हा ज्वालाग्राही वायू स्वतंत्रपणे ओळखला. तो जळाल्यावर पाणी तयार होते. म्हणूनच फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांनी त्याला ‘जलजनक’ या अर्थाचे नाव दिले.

इंधन म्हणून योग्यता

एक किलो हायड्रोजनपासून तितक्याच वजनाच्या पेट्रोलच्या जवळजवळ तिप्पट उष्णता मिळते आणि तो जळताना कार्बन डायऑक्साइड निर्माण होत नाही. मात्र पृथ्वीवर तो मुक्त स्थितीत क्वचितच आढळतो. पाणी अथवा नैसर्गिक वायू यांतून तो वेगळा करावा लागतो. विजेच्या साहाय्याने पाण्याचे विघटन करून एक किलो हायड्रोजन मिळविण्यास सुमारे ५० ते ५५ युनिट वीज खर्च होते. त्यात साठते ती सुमारे ३३ युनिट एवढीच ऊर्जा. तात्पर्य, हायड्रोजन ही ऊर्जेची खाण नसून कोठार आहे. कोळशाची वीज वापरून ते भरल्यास धूर नाहीसा होत नाही. केवळ त्याची जागा बदलते.

शेतीशी संबंध

युरियासाठी लागणारा अमोनिया हा नायट्रोजन व हायड्रोजन यांच्या संयोगातून बनतो. आज हा हायड्रोजन मुख्यत्वे नैसर्गिक वायूपासून मिळविला जातो व त्यासाठी देशाला वायूची आयात करावी लागते. पंजाबातील नांगल येथील खत कारखान्यात १९६० च्या दशकात भाक्रा धरणाच्या विजेवर पाण्यापासूनच हायड्रोजन मिळविला जात होता. आता सौर व पवन विजेच्या बळावर तोच मार्ग पुन्हा खुला होत आहे. २०२३ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले. २०३० पर्यंत प्रतिवर्षी ५० लाख टन उत्पादनक्षमता हे त्याचे उद्दिष्ट आहे. महाराष्ट्र शासनानेही त्याच वर्षी आपले धोरण स्वीकारले.

पाण्याचा हिशेब

एक किलो हायड्रोजनसाठी किमान ९ लिटर शुद्ध पाणी लागते. शुद्धीकरण व शीतकरण यांसाठी लागणारे पाणी वेगळे. म्हणून असा प्रकल्प परिसरात येऊ घातल्यास वीज कोठून येणार आणि पाणी कोणत्या स्रोतातून घेतले जाणार, हे दोन प्रश्न ग्रामसभेने प्रथम विचारणे उचित ठरेल. त्यांच्या उत्तरांवरच या इंधनाचे हरितपण अवलंबून आहे.