मेंदूतले मँगनीज आले कुठून?

प्रश्न : माझे वडील ६१ वर्षांचे असून त्यांना सिरोसिस आहे. हल्ली त्यांचे हात थरथरतात, चालणे मंदावले आहे. एमआरआयमध्ये मेंदूत मँगनीज साठल्याचे दिसले. बोअरच्या पाण्यातून विषबाधा झाली असेल का? शरीरशुद्धीसाठी भस्म द्यावे का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : पाण्याला लगेच दोष देऊ नका, हवे तर ते तपासून घ्या. मँगनीज चहा, धान्ये, डाळी यांतून आपल्या सर्वांच्याच पोटात रोज जाते. निरोगी यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकते. सिरोसिसमध्ये हे काम मंदावते, शिवाय आतड्याकडचे काही रक्त यकृताला वळसा घालून पुढे जाते. मग हा धातू मेंदूत हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या भागात साठतो आणि एमआरआयवर तिथे पांढरट उजळपणा दिसतो. मात्र असा उजळपणा असूनही थरथर नसलेले रुग्ण पुष्कळ असतात. त्यामुळे यकृततज्ज्ञांबरोबर मेंदुविकारतज्ज्ञांनाही दाखवा.

भस्म अजिबात देऊ नका! मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या चालू असतील तर पाकिटावर मँगनीज आहे का पाहा आणि डॉक्टरांना विचारा. जेवण तोडू नका, या आजारात उपासमार फार महागात पडते. गुंगी, असंबद्ध बोलणे, शौचास काळे होणे यापैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. धीर सोडू नका. यकृत प्रत्यारोपणानंतर हा साठा बऱ्याच जणांत ओसरतो.